घराचा हप्ता थकतो तेव्हा



आजचा अभ्यासपाठ घरकर्जाविषयी आहे. पैशाच्या गोष्टी चर्चच्या पत्रकात कशाला, असे काहींना वाटेल. परंतु घरभेटीला गेल्यावर आम्हांला जी काळजी ऐकू येते, तिच्यात आजारपणाच्या खालोखाल कर्जाचाच क्रमांक लागतो. आजारपण लोक उघड बोलतात आणि प्रार्थनेची विनंती करतात. कर्ज मात्र झाकून ठेवतात. बँकेचे पत्र येते, ते न उघडता कपाटावर टाकले जाते. शेजाऱ्यांना कळू नये, जावयाला कळू नये, चर्चमध्ये तर मुळीच कळू नये, अशी धडपड चालते. ज्या दिवसांत काही करता आले असते ते दिवस याच लपवाछपवीत निघून जातात.

आज आम्हांला एकच गोष्ट सांगायची आहे. थकलेल्या कर्जदारासमोर कायद्याने आणि नियमांनी काही दरवाजे ठेवले आहेत. ते सगळे एकदम बंद होत नाहीत, एकामागून एक बंद होतात. म्हणून जो लवकर बोलतो त्याच्यासमोर अधिक दरवाजे उघडे असतात.

शास्त्रात तारणाचा विचार

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तारणाविषयी नियम आहेत. धान्य दळण्याचे जाते गहाण घेऊ नये, कारण त्यावर माणसाचे पोट चालते. आणि कर्ज देणाऱ्याने तारण आणण्यासाठी कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, कर्जदाराने ते स्वतः बाहेर आणून द्यावे. देणे बुडवावे असे शास्त्र म्हणत नाही. तारण घेण्याला त्याची मनाई नाही. पण उंबरठ्याच्या आत त्या माणसाचा मान आहे आणि कर्जामुळे तो मान संपत नाही, एवढे ते स्पष्ट सांगते.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायातील प्रसंग तर आपल्या मराठवाड्यातला वाटावा. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती. लोकांनी मोठा आक्रोश केला, तो नहेम्याने ऐकला, सावकारी करणाऱ्यांना सभेत उभे केले आणि शेते-घरे परत करायला लावली. लोक गप्प राहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आपण मनाशी विचारावा.

हप्ता का तुटतो?

हप्ता तुटला म्हणजे माणूस उधळ्या, असा समज बरोबर नाही. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा, कुठेही पाहा. कमावत्या माणसाचा अपघात, कंत्राटी नोकरी जाणे, दुकान मंदावणे, सोयाबीन-कापसाचे पीक हातचे जाणे, अशी कारणे दिसतात. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने जे नुकसान झाले, त्याचा फटका शेतकऱ्याबरोबर त्याच्या गिऱ्हाइकीवर जगणाऱ्या दुकानदाराला, मिस्त्रीला आणि रिक्षावाल्यालाही बसला.

दुसरे कारण व्याजदराचे. बहुतेक घरकर्जांचा दर बदलता असतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. समजा एका कुटुंबाने 10 लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी 7 टक्क्यांनी घेतले. त्याचा हप्ता साधारण 7,753 रुपये. दर साडेनऊ झाला तर हप्ता 9,321 रुपये हवा. हप्ता जुनाच ठेवला तर काय होते पाहा. 10 लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याजच 7,917 रुपये होते. म्हणजे 7,753 भरूनही मुद्दल कमी होत नाही, उलट वाढते. माणूस इमानाने भरत राहतो आणि कर्ज तसेच राहते.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी बँकांना सूचना दिल्या. दर बदलल्यावर त्याचा हप्त्यावर किंवा मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवले पाहिजे. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे निवडण्याची संधी त्याला दिली पाहिजे. मुदत वाढवताना हप्ता व्याजालाही पुरत नाही अशी स्थिती येऊ देऊ नये. 2025 मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्याने खाली आला. आपल्या खात्यात तो उतरला का, हे शाखेत जाऊन विचारणे आपला हक्क आहे.

पहिला दरवाजा : पहिले नव्वद दिवस

हप्ता चुकल्यावर 90 दिवसांपेक्षा अधिक काळ थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. एकदा तसे ठरले की एखादा हप्ता भरून भागत नाही; सगळी थकबाकी भरल्यावरच खाते पुन्हा नियमित होते. म्हणून हे नव्वद दिवस सोन्याचे.

या काळात शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा. अडचण काय, ती केव्हापासून, दरमहा किती भरता येईल आणि परिस्थिती केव्हा सुधारेल, हे साध्या मराठीत लिहावे. सोबत दवाखान्याचे कागद, नोकरी गेल्याचे पत्र, जे असेल ते जोडावे. मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा कर्जाची पुनर्रचना करणे यांचा विचार बँक करू शकते. मान्य करायचे की नाही हे बँकेच्या हाती आहे. पण मागितल्याशिवाय ते कोणी आणून देत नाही. अर्जाची पोच घेतल्याशिवाय शाखेबाहेर पडू नये.

कमावती व्यक्ती मृत्यू पावली असेल तर आधी एक कागद शोधावा. पुष्कळदा कर्जाबरोबर विमाही काढलेला असतो, त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो आणि घरच्यांना ते ठाऊक नसते. विधवा भगिनींनी कर्जाची संपूर्ण फाईल मागून घ्यावी आणि विम्याचा दावा करावा. वारसांवर देणे आले तरी ते वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरतेच असते.

आणि एक गोष्ट टाळावी. घराचा हप्ता भरण्यासाठी बचत गटाच्या कंपनीकडून, मोबाईलवरच्या अ‍ॅपकडून किंवा सावकाराकडून नवे कर्ज काढू नये. एका हप्त्याचे तीन हप्ते होतात. येथे एक भीतीही दूर करू. मायक्रोफायनान्सचे कर्ज रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार विनातारणच असते. त्यासाठी कोणी घर काढून घेण्याची धमकी देत असेल तर तिला आधार नाही.

दुसरा दरवाजा : साठ दिवसांची नोटीस

खाते एनपीए झाल्यावर बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली कारवाई करू शकते. या कायद्याने बँकेला न्यायालयात दावा न लावता तारणाचा ताबा घेता येतो. तो केवळ मोठ्या बँकांसाठी आहे असे समजू नये. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला, तोही कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात.

प्रथम कलम 13(2) ची नोटीस येते. संपूर्ण रक्कम 60 दिवसांत भरा, असे तीत असते. ही नोटीस वाचून पुष्कळांचे हातपाय गळतात. पण ती म्हणजे जप्ती नव्हे. तिला लेखी उत्तर देण्याचा हक्क आहे. रक्कम चुकीची असेल, भरलेले हप्ते धरले नसतील, दंड अवाजवी लावला असेल, तर तसे कळवावे. बँकेने हरकत फेटाळली तर 15 दिवसांत कारणांसह कळवणे तिच्यावर बंधनकारक आहे. 2004 मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, पण कर्जदाराच्या हरकतींचा विचार करून त्याला कारणे कळवली पाहिजेत, असेही बजावले.

या कायद्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. शेतजमिनीच्या तारणाला तो लागू नाही. 1 लाखापर्यंतच्या कर्जाला लागू नाही. आणि उरलेले देणे मुद्दल व व्याजाच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी असेल तेव्हाही लागू नाही. ज्यांनी बहुतेक कर्ज फेडले आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मात्र या ठिकाणी सरफेसीचा मार्ग बंद असला तरी वसुलीचे दुसरे मार्ग उरतात. देणे माफ होत नाही. सरकारने 2008, 2017 आणि 2019 मध्ये ज्या कर्जमाफ्या केल्या त्या शेतीकर्जासाठी होत्या. घरकर्जही माफ होईल या आशेवर थांबणे धोक्याचे.

तिसरा दरवाजा : ताबा आणि लिलाव यांच्या मधला काळ

साठ दिवस उलटल्यावर बँक ताब्याची नोटीस लावते आणि वर्तमानपत्रात छापते. पुष्कळदा आधी प्रतीकात्मक ताबा घेतात, म्हणजे कागद चिकटवतात. कुटुंब घरातच असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करते आणि त्यांच्या आदेशाने माणसे येतात.

ताब्याच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मराठवाड्यात ते छत्रपती संभाजीनगर येथे आहे. पोलीस ठाण्यात फेऱ्या मारून हा प्रश्न सुटत नाही, आणि या बाबतीत दिवाणी न्यायालयाचा अधिकार कायद्यानेच काढून घेतला आहे. कुठे जायचे हे न कळल्यामुळे लोकांचे 45 दिवस चुकीच्या दारात जातात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी संपूर्ण देणे भरले तर घर सोडवता येते. 2016 च्या दुरुस्तीनंतर ही मर्यादा अशी आहे आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच सांगितले. पूर्वी लोक लिलावाच्या दिवसापर्यंत थांबत. आता थांबू नये.

घर राखणे शक्यच नसेल तर बँकेची लेखी संमती घेऊन स्वतः गिऱ्हाईक पाहून ते विकणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते, कारण लिलावात किंमत कमी येण्याची भीती असते. नोटीस आल्यावर संमतीशिवाय विकता मात्र येत नाही. लिलावात देण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर उरलेली मालकाला परत मिळते. कमी आली तर बाकीचे देणे त्याच्यावर राहते. एकरकमी तडजोडीचा मार्गही असतो. ती तडजोड तोंडी नको. रक्कम, मुदत आणि त्यानंतर काही बाकी राहणार नाही हे लेखी घ्यावे. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाईचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे.

वसुलीला येणाऱ्यांनाही मर्यादा आहेत. सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर त्यांनी फोन करू नये. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान यांना परवानगी नाही. शास्त्राने सांगितलेला उंबरठ्याचा मान आजच्या नियमांतही थोडाफार उतरला आहे, असे आम्हांला वाटते.

सावकाराचे खरेदीखत

ज्यांच्या प्लॉटचे कागद पूर्ण नसतात त्यांना बँक दारात उभे करत नाही. मग सावकार सापडतो. तो गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो आणि पैसे फेडलेस की पलटवून देतो, असे तोंडी सांगतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर ते गहाण मानले जात नाही. म्हणून असा दस्त करूच नये.

ज्यांनी तो केला आहे त्यांना मात्र एक मार्ग आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा 2014 नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात गेलेली स्थावर मालमत्ता 15 वर्षांच्या आतील असेल तर जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते. चौकशीत ती सावकारीच होती असे ठरले तर दस्त रद्द करून मालमत्ता परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. आपल्या जिल्ह्यात हे काम सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक पाहतात. पैसे दिल्या-घेतल्याच्या चिठ्ठ्या, बँकेची नोंद, साक्षीदार, जे असेल ते जपून ठेवावे.

जामीनदारांसाठी

मित्राच्या, भावाच्या किंवा सहकाऱ्याच्या कर्जाला सही करणारे आपल्यात अनेक आहेत. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराला गाठावे आणि मगच जामीनदाराकडे यावे, असे बंधन नाही. प्रेमाने सही करावी, पण आपल्या घरच्यांना सांगून आणि कागद वाचून करावी. पतसंस्थेच्या कर्जात तर सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यावरून जप्ती होऊ शकते. तिथली नोटीस आली तर सुनावणीला हजर राहावेच. नंतर त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा झाला तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

मदत कोठे मिळेल?

अमेरिकेत 2007 नंतर फार मोठ्या संख्येने लोकांची घरे गेली. तेथे घर वाचवण्यासाठी सरकारमान्य सल्ला केंद्रे आहेत. आपल्या जिल्ह्यात एका छताखाली असे काही नाही, म्हणून मदत चार ठिकाणांहून गोळा करावी लागते.

पहिले ठिकाण बँकेची शाखा आणि तिचा तक्रार निवारण अधिकारी. दुसरे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही तर त्याच्याकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते.

तिसरे ठिकाण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. परभणीच्या जिल्हा न्यायालयात ते आहे आणि तालुक्यांना विधी सेवा समित्या आहेत. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्न कितीही असले तरी तेथे मोफत वकील मिळतो. इतरांना वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असावे लागते. मदत क्रमांक 15100. लोक अदालतीत बँकेबरोबर तडजोडही तेथूनच होऊ शकते. तेथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढ्याच रकमेला होकार द्यावा. चौथे ठिकाण, सावकारीसाठी, वर सांगितलेले उपनिबंधक कार्यालय.

आपण काय करू शकतो?

सर्वांची कर्जे फेडण्याइतका पैसा कोणत्याही धर्मग्रामाकडे नसतो आणि तसे आश्वासन आम्ही देणार नाही. परंतु मदत म्हणजे केवळ पैसा नव्हे. 1462 मध्ये इटलीतील पेरुजा येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या पुढाकाराने गरिबांसाठी अल्प दराची तारणपेढी उभी राहिली. सावकाराच्या दारात जाणाऱ्याला दुसरे दार हवे, हा विचार त्यामागे होता. आपणही एक लहान दार उघडू शकतो. आपल्यात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक आहेत, कोर्टाचे कागद समजणारे आहेत. एखाद्याची नोटीस सोबत बसून वाचणे, अर्ज लिहून देणे, शाखेत त्याच्याबरोबर जाणे, एवढे केले तरी तो माणूस एकटा राहत नाही. आणि जे कळले ते दुसऱ्याच्या कानी जाऊ देऊ नये.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात विवेक या सद्‌गुणाची व्याख्या आम्ही पाठ केली होती : योग्य गोष्ट, योग्य रीतीने, योग्य वेळी करणे. कर्जाच्या बाबतीत त्यांतला 'योग्य वेळी' हा भाग सर्वांत जड आहे. लाज वाटणे स्वाभाविक आहे, पण लाजेला तारखा कळत नाहीत. नोटिशीला कळतात.

ज्यांच्या घरी न उघडलेले पाकीट पडले असेल त्यांनी ते आज संध्याकाळी, पती-पत्नीने मिळून, उघडावे. त्यावरची तारीख पाहावी. समजले नाही तर मिस्सा झाल्यावर आमच्याकडे घेऊन यावे. सोबत बसून वाचू.

घरी व गटात चर्चेसाठी

1. आपल्या कर्जाचा सध्याचा व्याजदर, शिल्लक रक्कम आणि उरलेले हप्ते घरातील दोघांना तरी ठाऊक आहेत का?
2. कर्जाबरोबर विमा आहे का? त्याचा कागद कोठे आहे?
3. आपण कोणाला जामीन आहोत का? ते कर्ज नियमित आहे का?
4. अनुवाद 24 मधील तारणाचे नियम वाचा. आपण कोणाला उसने दिले असेल तर मागताना त्याचा मान राखतो का?
5. नहेम्या 5 मधील लोकांनी आपली अडचण उघड सांगितली. आपल्या वस्तीत ती सांगता येईल असे वातावरण आहे का? नसेल तर ते कोणी आणि कसे निर्माण करावे?